घर पडूं नये आणि तापूंहि नये

सुगी आटोपून सोयाबीन-तुरीचा पैसा हातीं आला कीं, बालाघाटाच्या डोंगररांगांतील आमच्या जळकोट तालुक्यांत नव्या घरांचीं जोतीं भरलीं जाऊं लागतात. घर बांधणें ही शेतकऱ्याच्या आयुष्यांत बहुधा एकदांच घडणारी गोष्ट होय. पीक चुकलें तर पुढल्या मृगांत तें बदलतां येतें. घर चुकलें तर दोन-तीन पिढ्यांना त्यांतच दिवस काढावे लागतात. म्हणून ह्या विषयावर शेतकरी बंधूंपुढें चार शब्द मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

वाडवडिलांचीं माळवदाचीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस वैशाखांतील दुपारचा त्यांतला गारवा सांगावयास नको. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, लाकडी खण, आणि वर पांढऱ्या मातीचा थर. गळतीच्या भीतीनें पावसाळ्यापूर्वीं त्यावर नवी माती पडे आणि थर वाढत जाई. हिशेब केला तर १०० चौरस फुटांच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे सुमारे ९ टन ओझें होतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास आपल्याच जिल्ह्यांतील किल्लारी हादरली, तेव्हां हेंच ओझें निजलेल्या माणसांवर आलें. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसें दगावलीं.

त्या दिवसापासून दगडमातीचें नांव काढलें कीं अंगावर कांटा उभा राहतो. ही भीति खोटी आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु त्या भीतीपोटीं आपण धडा अर्धाच घेतला. घात केला तो मातीनें नव्हे. ओझ्यानें आणि बांधणीच्या दोषानें केला. अनघड गोटे मातीच्या चिखलांत रचलेले, भिंतीचा आंतला पदर बाहेरच्या पदरास न जोडलेला, चारी भिंतींस एकत्र धरणारा पट्टा कोठेंच नाहीं! ह्याचें निदान नीट न करतां आपण ओझ्याबरोबर गारवाहि टाकून दिला, आणि पत्रा किंवा उघडा स्लॅब डोक्यावर घेतला. पारा ४० अंशांपलीकडे गेला म्हणजे पत्र्याखालीं म्हाताऱ्या माणसांस व तान्ह्या मुलांस बसवत नाहीं. स्वयंपाकघरांतील बायांचे हाल तर विचारूंच नयेत. स्लॅब दिवसभर प्यालेलें ऊन रात्रभर ओकत राहतो, आणि शेतांत राबून आलेल्या माणसाची झोंप जाते. भूकंपाचा घाला एका पहाटेचा होता. हा जाच दर सालचा आहे.

कोणी म्हणेल, ‘सरकारी नियमांत बसेल असें घर बांधलें, आणखी काय पाहिजे?’ नियम हा किमान किती तें सांगतो. पुरेसें किती तें सांगत नाहीं. प्रधानमंत्री आवास योजनेंतील ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचें असावें असें ठरलें आहे. त्यावरून छत किती तापेल ह्याचा बोध होत नाहीं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें २०१८ सालीं ‘इको-निवास संहिता’ काढली, पण ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठीं आंखलेली. गांवांतील बहुतेक घरांस ती लागूच नव्हती. तरी तींतील एक आंकडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आंत-बाहेर एक अंशाचा फरक असतां छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॅटहून अधिक उष्णता आंत येऊं नये, असें ती म्हणते. आपला उघडा स्लॅब ह्याच्या अडीच ते तीन पट उष्णता आंत सोडतो. उलट दोन फूट मातीचें जुनें माळवद, आमच्या हिशेबानें, ह्या मर्यादेंत बसतें!

मग पुन्हां माळवद घालावें काय? मुळींच नाहीं. स्लॅबवर थर्माकोलच्या जातीचा दाट फलक एक इंच जाडीचा अंथरून त्यावर कोबा केला, तर दोन फूट मातीइतकीच उष्णता अडते. आणि त्या फलकाचें वजन एका चौरस मीटरला किलोभरहि भरत नाहीं. कोब्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावे. एवढें परवडत नसेल, त्यानें निदान दर उन्हाळ्यापूर्वीं छतास चुन्याचा दाट हात द्यावा.

मजबुतीची बाब अशी. काळी माती भिजली कीं फुगते आणि वाळली कीं भेगाळते; म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खणावा. जोत्यावर, दारें-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखालीं असे गज घातलेल्या काँक्रीटचे सलग पट्टे घराभोंवतीं कमरपट्ट्याप्रमाणें फिरवावे. कोपऱ्यांत उभे गज द्यावे. भिंत दगडी असल्यास दोन्ही पदरांतून आरपार जाणारे लांब दगड मधून मधून बसवावे.

घराचें तोंड ठरविण्यास तर कांहींच खर्च नाहीं. लांब भिंती उत्तर-दक्षिणेस ठेवाव्या. उन्हाळ्यांत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून त्या बाजूंस लहान छज्जाहि पुरतो. पश्चिमेचें तिरपें ऊन मात्र छज्ज्यास जुमानीत नाहीं. तिकडे पडवी किंवा धान्याची कोठी काढावी आणि एक कडुनिंब लावावा. समोरासमोर खिडक्या ठेवून त्या रात्रीं उघडाव्या व दिवसा लावाव्या.

वाढीव खर्चाची अडचण खरी आहे. पण तो एकदांच होतो. कूलरचें बिल दर महिन्यास येतें. छतावर सौर फलक बसविण्यास २०२४ सालीं सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेनें ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये साह्य ठरविलें, हें उत्तमच झालें. तथापि तापणाऱ्या घरांत त्या विजेनें कूलर फिरविणें म्हणजे फुटक्या पखालींत पाणी भरणें होय. आधीं छत झांकावें, मग वीज पिकवावी. आपल्या मंडळानें बियाण्याप्रमाणेंच हे फलकहि एकत्र खरेदी करावे आणि गांवोगांवच्या गवंड्यांस हें काम शिकवावें, अशी आमची सूचना आहे.

येत्या हंगामांत जो कोणी नवें जोतें भरील, त्यानें कुदळ मारण्यापूर्वीं गवंड्यास दोनच प्रश्न विचारावे. हादरा बसला तर हें घर उभें राहील काय? आणि वैशाखांत भर दुपारीं माझ्या आईला ह्यांत डोळा लागेल काय? दोहोंचें उत्तर ‘होय’ येईपर्यंत नकाशा पुरा झाला असें समजूं नये.