नकाशा पाहावा दाखवून

'घर पाहावे बांधून' असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले. पण त्याच्या आधी 'नकाशा पाहावा दाखवून' हे सांगायचे काही त्यांना सुचले नाही. त्यांना गरजच पडली नसावी. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसदार हा क्रम साऱ्या गावाला पाठ. गवंड्याने विचारायचे ते खण किती, एवढेच! आता मात्र तीन गुंठे जागा घेतलेला मनुष्य कागदाची गुंडाळी बगलेत मारून दारोदार अभिप्राय मागत हिंडतो. सध्या मी हिंडतो आहे.

या हिंडण्यात एक गंमत ध्यानात आली. माणसे तुमच्या नकाशात स्वतःचेच घर शोधतात. चाळीतल्या दोन खोल्यांत वाढलेल्या माझ्या मेहुण्याला दिवाणखाना ऐसपैस हवा. आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांच्या भिंतींना दर पावसाळ्यात ओल येते. त्यांनी नैर्ऋत्येच्या खिडकीवर बोट ठेवून 'पाऊस इकडून झोडपतो, छज्जा चांगला दोन फूट काढा' असे बजावले. शेजारच्या काकांनी स्वयंपाकघर आग्नेयेला आहे एवढे पाहिले आणि समाधानाने चष्मा काढून ठेवला. ज्याला जिथे टोचले, तिथे त्याचे बोट! छज्जा मी तत्काळ मान्य केला.

नियमांचे म्हणाल, तर तेही सांभाळलेले होते. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीला निदान साडेनऊ चौरस मीटर आणि स्वयंपाकघराला पाच चौरस मीटर जागा सांगितली आहे. आमच्या खोल्या त्याहून मोठ्याच होत्या. पण नियमात बसलेले घर माणसांना बसतेच असे नाही.

राहता राहिली आई. वय ब्याऐंशी, हाती वॉकर. तिच्यापुढे कागद धरला, तेव्हा ती म्हणाली, "छान आहे हो. मला काय, मी दोन दिवसांची पाहुणी!" घरोघरच्या वडीलधाऱ्यांचा हा ठरलेला अभिप्राय, आणि घरोघरी तो संमती म्हणून धरला जातो.

सौभाग्यवतींनी मात्र तो धरला नाही. "अहो, कागदावर सगळंच छान दिसतं. जागेवर आखून बघू या," असे म्हणून त्यांनी रविवारी दोरी आणि फक्की घेतली, आणि तळमजला आहे त्या मापाने जमिनीवर आखला. आईला रिक्षातून नेले. तिच्या पांढऱ्या रेघांच्या खोलीतून ती निघाली, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून न्हाणीघराच्या दाराशी पोचली; एकूण छत्तीस पावले झाली. दार अडीच फुटांचे. वॉकर जेमतेम आत जाई, पण आत वळेना. ती थांबली आणि हळूच म्हणाली, "अरे, रात्री इतकं लांब यायचं का रे?"

इतक्या जणांच्या अभिप्रायांत हा एकच खरा कामाचा निघाला, आणि तोही प्रश्नाच्या रूपाने.

तेव्हा घर बांधू पाहणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे, की नकाशा दाखवताना 'कसा वाटतो?' असे विचारू नये. त्याला 'छान' हेच उत्तर येते. सकाळचा चहा कुठे बसून घ्याल, ओले कपडे कुठे वाळत घालाल, रात्री जाग आली तर दिव्याचे बटण हाताशी येईल का, असे विचारावे. आणि 'मला काय' म्हणणाऱ्याला सर्वांत आधी विचारावे. कागदावरची भिंत खोडरबराने जाते. विटांची भिंत पाडायला घण लागतो, आणि तोवर म्हातारे माणूस तक्रार न करता छत्तीस पावले चालत राहते.

नव्या नकाशात न्हाणीघराचे दार तीन फुटांचे झाले आहे. त्याला लागून माझी अभ्यासिका होती, तिथे आता आईची खोली आहे. पुस्तके सतरा पायऱ्या चढून माडीवर जातील. त्यांना काही रात्री उठावे लागत नाही.