आधी कोणता रकाना?

शाळेची किंवा एखाद्या संस्थेची वेबसाइट करायची ठरली की आपल्याकडे चर्चा होते ती रंगांची आणि फोटोंची. अध्यक्षसाहेबांचा फोटो डावीकडे की उजवीकडे, पट्टी हिरवी की निळी, यावर बैठका रंगतात. पान उघडताना त्यातला कोणता रकाना आधी येणार, हे मात्र कुणी विचारत नाही. ते काम वेबसाइट बनवणाऱ्या मुलावर सोडलेले असते. माझ्या मते हा प्रश्न त्या मुलाचा नाही, आपला आहे. क्रम ठरवणे म्हणजे कोणाला थांबायला लावायचे, हे ठरवणे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. शब्दार्थ देताना फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढते. उजवीकडे उर्दू, डावीकडे मराठी. उर्दू उजवीकडून सुरू होते, मराठी डावीकडून, त्यामुळे जागेवरून दोन्ही भाषांचे कधी भांडण होत नाही. पण मी खडू आधी कोणत्या बाजूला टेकवते, यावर कोणती मुले वही उघडून लगेच लिहू लागणार आणि कोणती वाट पाहणार, हे ठरते. जागा ही एक गोष्ट आणि क्रम ही दुसरी.

वेबपानाचेही असेच आहे. पानाचा मजकूर एचटीएमएलमध्ये लिहिलेला असतो आणि ब्राउझर तो वरून खाली वाचत जातो. कोणता मजकूर डावीकडे, कोणता उजवीकडे, हे सीएसएस सांगते. पूर्वी रकाने पाडण्यासाठी टेबल वापरत. त्यात डावीकडचा रकाना आधी लिहावाच लागे, म्हणून आधी मेनू आणि जाहिराती येत, मुख्य मजकूर त्यांच्या मागे. मग सीएसएसने जागा आणि क्रम यांची गाठ सोडवली. 2006 साली 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात मॅथ्यू लेव्हिन यांनी तीन रकान्यांची एक मांडणी दाखवली. तिच्यात मधला मुख्य रकाना एचटीएमएलमध्ये सर्वांत आधी आणि बाजूचे दोन नंतर होते. तेव्हा त्यासाठी बरीच कसरत करावी लागे. आता फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिडमुळे तेच काम चार-सहा ओळींत होते. म्हणजे अडचण तंत्राची उरलेली नाही.

'आता फोर-जी, फाइव्ह-जी आहे, कोण थांबतंय?' असे कुणी म्हणेल. ज्या घरात तीन भावंडांत एक फोन आहे, तिथे विचारा. अनेक प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. उर्दूचे एक अक्षर युनिकोडमध्ये साधारण 2 बाइट घेते, देवनागरीचे 3. दोन हजार अक्षरांची शिष्यवृत्तीची सूचना उर्दूत 4 किलोबाइटची झाली, मराठीत 6. दोन्ही एका सेकंदाच्या आत येतात. त्याच पानावर 400 किलोबाइटचा सत्काराचा फोटो असेल, तर एकट्या त्याला 50 सेकंद लागतात. फोटो आणि त्याला हलवणारी स्क्रिप्ट वर, सूचना खाली, अशी रचना असेल तर मुलगी 'पेज उघडतच नाही' म्हणून फोन भावाच्या हातात देते.

यात उर्दूचे दुखणे आणखी वेगळे आहे. आजही कित्येक ठिकाणी उर्दू मजकूर इनपेजमध्ये टाइप करून त्याचे चित्र पानावर चिकटवतात. मराठी रकाना अक्षरांचा, उर्दू रकाना चित्राचा. मग क्रम कसाही ठेवा, उर्दू मागेच राहणार. वर ते चित्र शोधले तर सापडत नाही, त्यातला मजकूर कॉपी होत नाही. यामागचे कारण बहुतेकदा नस्तालीकचा हट्ट असते. नस्तालीक मलाही प्रिय आहे. पण युनिकोडमध्ये लिहून सोबत नस्तालीक फॉन्ट देता येतो. फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या साध्या नस्ख अक्षरांत मजकूर दिसेल, अशी सोयही सीएसएसमध्ये आहे. आधी वाचता येऊ द्या, देखणेपणा दोन क्षण उशिरा आला तरी चालेल.

दुसरा मुद्दा फोनच्या पडद्याचा. संगणकावर दोन रकाने शेजारी बसतात. फोनवर जागा नसते, म्हणून ते एकाखाली एक येतात आणि बहुधा एचटीएमएलमधल्या क्रमानेच येतात. मोठ्या पडद्यावर टाळलेला प्रश्न इथे समोर उभा राहतो: वर कोण, खाली कोण? माझे उत्तर असे की, पान ज्याच्यासाठी आहे त्याची भाषा आधी. उर्दू माध्यमाच्या पालकांसाठी सूचना असेल तर उर्दू आधी आणि अगदी वर 'मराठीत वाचा' अशी एक ओळ. सर्वांसाठीचे पान असेल तर मराठी आधी आणि वर उर्दूची ओळ. यात कुणाचा मान जात नाही. तंत्रही सोपे आहे: उर्दू आधी लिहून दोन्ही रकान्यांच्या चौकटीची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवली, की मोठ्या पडद्यावर उर्दू आपोआप उजवीकडे आणि मराठी डावीकडे बसते. मराठी रकान्याला त्याची स्वतःची दिशा मात्र वेगळी सांगावी लागते.

इथे एका पळवाटेपासून सावध राहायला हवे. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिडमध्ये 'ऑर्डर' नावाचा गुणधर्म आहे. त्याने मागे लिहिलेला रकाना पुढे दाखवता येतो. पण हा बदल फक्त डोळ्यांसाठी असतो. मजकूर येतो जुन्याच क्रमाने. ज्यांना दिसत नाही ते विद्यार्थी एनव्हीडीए किंवा टॉकबॅक लावून पान ऐकतात, आणि त्यांनाही सहसा तो जुनाच क्रम ऐकू येतो. डोळस माणसाला आधी निकाल दिसतो आणि अंध मुलाला आधी अख्खा मेनू ऐकावा लागतो. सीएसएसच्या प्रमाणातच बजावले आहे की हा गुणधर्म दिसण्यापुरता वापरा, अर्थाचा क्रम मूळ मजकुरातच नीट ठेवा. 2008 च्या डब्ल्यूसीएजी 2.0 या सुगम्यतेच्या निकषांतही अर्थपूर्ण क्रमाची अट आहे. दिव्यांग मुलांना वर्गात पुढच्या बाकावर बसवणाऱ्या आपण शिक्षकांनी पानावर त्यांना मागे ढकलू नये.

जाहिरातींचा खर्च भागवायचा आहे, देणगीदारांची नावे दाखवायची आहेत, हेही खरे. त्यांना काढा असे मी म्हणत नाही. त्यांची जागा आधीच मोजून राखून ठेवा, म्हणजे त्या उशिरा आल्या तरी वाचता वाचता ओळ खाली उडी मारणार नाही. खालची चित्रे वाचक तिथवर पोहोचल्यावरच मागवा. ज्या स्क्रिप्टशिवाय मजकूर वाचता येतो, ती मजकुराला अडवून धरणार नाही अशी लावा. देणगीदाराचे नाव तीन सेकंद उशिरा दिसल्याने त्याचा सवाब कमी होत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत वेबसाइटचा विषय निघाला तर वेबसाइट बनवणाऱ्याला चार प्रश्न विचारा. एचटीएमएलमध्ये पहिला रकाना कोणता आहे? उर्दू अक्षरांत आहे की चित्रात? प्रत्येक रकान्याला त्याची भाषा आणि दिशा सांगितली आहे का? सीएसएस बंद केल्यावर पान वरून खाली नीट वाचता येते का? शेवटचा प्रश्न तिथल्या तिथे तपासता येतो. फायरफॉक्सच्या मेनूत पानाची शैली बंद करण्याची सोय आहे. सगळा साज उतरल्यावर ज्या क्रमाने मजकूर उरतो, तोच त्या पानाचा खरा क्रम. त्यात पहिल्या जागी विद्यार्थ्याच्या कामाची गोष्ट नसेल, तर रंगांची चर्चा थोडी थांबवा आणि आधी तो क्रम दुरुस्त करून घ्या.