आधी कोण उतरणार?

क्रूझवरून परतलेल्या माणसाला सहल कशी झाली विचारा. जेवण, समुद्र, रात्रीचा नाचगाण्याचा कार्यक्रम, सगळ्याचं कौतुक करून झालं की आवाज जरा खाली येतो. 'फक्त उतरताना हाल झाले हो.' मला ते 'फक्त' खटकतं. बोट धक्क्याला लागल्यावर तीन-चार तास माणसं जिन्यावर बॅगा घेऊन बसलेली असतात आणि तरी त्याला गालबोट म्हणून सोडून द्यायचं! त्यावर सरावलेले प्रवासी समजूत घालतात की दोन हजार माणसं असतात, वेळ लागणारच.

लागणारच, कबूल. पण किती लागणार हे कंपनीला आदल्या रात्रीच ठाऊक असतं. साधं पाढ्यातलं गणित आहे. दोन हजार प्रवासी, दाराशी प्रत्येकाचं कार्ड यंत्रावर टेकवून 'हा उतरला' अशी नोंद व्हायला समजा सहा सेकंद. एकच गँगवे लावला तर तीन तास वीस मिनिटं. दोन लावले तर निम्मी. पुढे इमिग्रेशनची रांग, मग सामानाच्या ढिगातून आपली बॅग शोधणं, मग बस. यात अचानक उद्भवणारं असं फारच थोडं असतं. तरीही प्रवाशाला सांगितलं जातं ते एवढंच: 'आपल्या टॅगचा रंग पुकारला जाईपर्यंत थांबा.'

यंदा आमच्या पौडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटाबरोबर मी पूर्वेकडच्या एका बंदरातून अशी सहल केली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बहुतेकींची पद्धत सारखीच. शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या. सकाळी आठला केबिन सोडायची. न्याहारीचं दालन साडेआठला बंद. आमचा रंग जांभळा, तो पुकारला गेला पावणेबाराला. अडतीस जणांपैकी निम्म्यांना रक्तदाबाच्या गोळ्या, सहा-सात जणांना मधुमेह. एका काकूंच्या हाताला कापरं सुटलं, तेव्हा कोणीतरी पर्समधला राजगिऱ्याचा लाडू काढला म्हणून निभावलं. गोळ्या-बिस्किटं रात्रीच मोठ्या बॅगेत गेलेली, आणि मोठी बॅग बोटीच्या पोटात. समुद्रावर तीन दिवसांत कोणाला बोट लागली नव्हती, ती धक्क्यावर लागली.

आठ वाजता केबिन का सोडायची? त्याच दुपारी नवे दोन हजार प्रवासी चढणार असतात. बोट रिकामी उभी राहिली की धक्क्याचं भाडं, इंधन, पगार सगळं अंगावर. म्हणून एकाच दिवसात जुने उतरवायचे, चादरी बदलायच्या, कोठार भरायचं आणि संध्याकाळी नांगर उचलायचा. धंदा म्हणून हे मला समजतं. पण मग आठ ते पावणेबारा हा माझा वेळ कोणाच्या खात्यात जमा झाला? मी पैसे भरलेल्या शेवटच्या सकाळी कंपनी माझी खोली पुढच्या गिऱ्हाइकासाठी तयार करत होती आणि मला जिन्यावर बसवून ठेवलं होतं.

खरी मेख पुढे आहे. आम्ही जिन्यावर असताना महागड्या केबिनवाल्यांची वेगळी रांग शेजारून सरकत होती. 'प्राधान्याने उतरणे' ही बोटीवर विकायची वस्तू आहे. काही ठिकाणी केबिनच्या दरात मिळते, काही ठिकाणी वेगळे पैसे भरून. आता ही वस्तू खपायची तर सामान्य रांग कशी असायला हवी? जिन्यावरची रांग भरभर सरकली तर प्राधान्याला कोण विचारणार? कंपनी मुद्दाम रांग अडवते असं मी म्हणत नाही. तसं करायची गरजच नाही. रांग सुधारण्यात तिचा फायदा नाही, एवढं पुरेसं आहे. देवळांत पावती फाडून पुढे जायची सवय आपल्याला लागलेलीच आहे. त्यामुळे बोटीवर त्याचं नवल वाटत नाही. वाटायला हवं.

यावर कोणी म्हणेल, सगळे दरवाजे उघडा आणि सोडा लोकांना. ते मला मान्य नाही. बोटीवरच्या गर्दीची घाई काय करते हे आपल्या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. लाटांचा मारा सुरू झाल्यावर घाबरलेले प्रवासी एका अंगाला झाले, असं सांगतात. कोकणच्या जुन्या आगबोटींवर उतरणं संथच होतं. कित्येक बंदरांत धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे, शिडीवरून ट्रंका, पोरं, म्हातारी माणसं खाली घ्यायची, आणि उथळ पाण्यात खलाशी माणसांना खांद्यावरूनही नेत. हाल होतेच. पण का थांबलोय हे डोळ्यांना दिसत होतं: भरती, लाट, पडावाची वाट. आजच्या जिन्यावर बसलेल्याला समोर फक्त गालिचा दिसतो.

आणि आजही आपल्याकडे माणसं बोटीतून झटपट उतरतात. मुळशीतून ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हसळ्यावरून दिघीला जा. तिथून राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांड्याला फेरीबोट जाते. फळी किनाऱ्याला टेकते, दुचाकीवाले आधी, मग टोपल्या घेतलेल्या बायका, मग गाड्या. काही मिनिटांत बोट रिकामी. दोन हजारांच्या बोटीशी तिची बरोबरी होणार नाही, ठाऊक आहे. पण तिथे मोटारवाल्याने भाडं जास्त भरलेलं असतं आणि पायी चालणारा त्याच्याआधी उतरतो, हे पाहून ठेवण्यासारखं आहे.

जिन्यावरच्या रागाबद्दलही बोललं पाहिजे. हिंजवडी आमच्याच तालुक्यात आहे. चार-पाच किलोमीटरला तास तास गाडीत बसून कुरकुर न करणारा तिथला अभियंता बोटीवर वीस मिनिटांत भडकतो, आणि भडकतो तो दाराशी उभ्या असलेल्या पोरावर. आमच्या बोटीवरचा तो पोरगा रत्नागिरीकडचा निघाला. 'काका, मी तर सात महिन्यांनी उतरणार,' असं हसत म्हणाला. रांग त्याने आखलेली नव्हती. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' अडकली, तेव्हा तिच्यावर १३२ भारतीय खलाशी-कर्मचारी होते. प्रवासी केबिनमध्ये बंद आणि हे दारोदार जेवण पोचवत होते. त्याच एप्रिलमध्ये 'मरेला डिस्कव्हरी' कित्येक दिवस मुंबईसमोर उभी होती. तिच्यावर १४६ भारतीय कर्मचारी, त्यांत गोव्याचे बरेच. घर दिसण्याच्या अंतरावर, पण उतरायला परवानगी नाही. सरकारने नियमावली काढली, मग २३ एप्रिलला ते उतरू लागले. उतरण्याच्या क्रमात सर्वांत शेवटी कोण असतं, हे तेव्हा उघड दिसलं.

हे आत्ताच सांगायचं कारण आहे. २० सप्टेंबर २०२५ ला मुंबईत बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. ७२ काउंटर, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय, एका वेळी पाच बोटी. केंद्राच्या 'क्रूझ भारत' मोहिमेला २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे आहेत. म्हणजे आमचे पौड-पिरंगुटचे, जमिनीच्या पैशातून किंवा पेन्शनमधून सहलीला निघालेले लोक मुंबईतूनच चढतील आणि मुंबईतच उतरतील. काउंटर मोजून फोटो निघाले. पण गँगवे किती लावायचे, केबिन किती वाजता सोडायला लावायची, बसायला खुर्ची आणि खायला काही मिळणार का, हे काउंटरच्या संख्येवर ठरत नाही.

तेव्हा तिकिटावर उतरण्याची अंदाजे वेळ छापा. पाळी येईपर्यंत केबिन द्या, ती देता येत नसेल तर शेवटच्या माणसापर्यंत न्याहारी, पाणी आणि संडास उघडे ठेवा. म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या आधी, त्यांची केबिन कितीचीही असो. आणि उतरण्याचा क्रम विकणं बंद करा. यात कंपनीचं नुकसान आहे ते शेवटच्या एका कलमात, म्हणून विरोधही तिथेच होईल.

पुढच्या सहलीचं बुकिंग करण्याआधी आमच्या गटाने हे चार प्रश्न एजंटला लिहून दिले आहेत. 'असं आजवर कोणी विचारलेलं नाही,' म्हणून त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. आगाऊ रक्कम आम्ही अजून भरलेली नाही.