न आलेल्या भागाचा हिशेब

जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो नव्या डिस्कवर नेताना मध्येच पडद्यावर एक चौकट उगवते. अमुक फाइल वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा, ती सोडून पुढे जायचे, की काम थांबवायचे? खाली एक सोयही दिलेली असते: यापुढच्या फाइलींनाही हाच नियम लाव. बहुतेक जण तिथे खूण करतात, ‘स्किप’ दाबतात आणि चहाला जातात. परत येईतो कॉपी झालेली असते. किती फाइली सुटल्या, कोणत्या सुटल्या, याची नोंद कुठेही उरत नाही. जुनी डिस्क यथावकाश भंगारात जाते आणि काही वर्षांनी एखादा फोटो उघडायला गेल्यावर कळते की तो तेव्हाच आला नव्हता. बिघडत चाललेल्या डिस्कची नक्कल काढून देण्याचे काम गावोगावच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत चालते. त्याबद्दल माझे म्हणणे एवढेच आहे की काय आले नाही याची यादी हा नकलेचाच भाग आहे. ती मिळाली नसेल तर काम अर्धेच झाले असे समजावे, आणि पैसे मोजणाऱ्याने ते काउंटरवरच बोलून दाखवावे.

लिनक्समध्ये डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायला ‘डीडी’ नावाची आज्ञा आहे. ती मूळची युनिक्सची, १९७०च्या दशकातली. ती लिहिण्याची काहीशी विचित्र तऱ्हा आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरून आलेली. तिला फाइल, फोल्डर, फोटो यांतले काही कळत नाही. डिस्कच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे आहे ते उचलायचे आणि दुसरीकडे ठेवायचे, बस. धडधाकट डिस्कवर हा आंधळेपणाच तिचा गुण ठरतो. आजारी डिस्कवर मात्र पहिल्याच न वाचता येणाऱ्या जागी ती थांबते. मग जाणकार तिला ‘नोएरर’ आणि ‘सिंक’ असे दोन शब्द जोडायला सांगतात. पहिला सांगतो, चूक आली तरी थांबू नकोस. दुसरा सांगतो, जे वाचता आले नाही तिथे शून्ये भर. नुसता पहिला वापरला आणि दुसरा राहून गेला, तर न वाचलेला तुकडा गळतो आणि त्यापुढचा सगळा मजकूर तेवढा अलीकडे सरकतो. फाइल सिस्टिम ज्या जागी फाइल आहे म्हणते तिथे भलतेच काही सापडते, आणि एका खराब जागेपायी पुढची सगळी डिस्क गोंधळते. दोन्ही शब्द वापरले तरी भागत नाही. वेग यावा म्हणून एका वेळी १ एमबीचा ठोकळा वाचायची पद्धत आहे. डिस्कवरचा सर्वांत छोटा तुकडा म्हणजे सेक्टर; तो ५१२ बाइटचा धरला तर अशा ठोकळ्यात २०४८ सेक्टर बसतात. त्यातला एक खराब निघाला की त्याच्या चांगल्या शेजाऱ्यांच्या जागीही शून्ये जाऊ शकतात. डीडी खोटे बोलत नाही, पडद्यावर चूक सांगते. पण पडदा सरकून जातो आणि नकलेत उरतात ती शून्ये. ती मुळातच होती की वाचता न आल्यामुळे भरली, हे नकलेकडे बघून नंतर कोणालाही सांगता येत नाही.

याला प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेत मानके ठरवणारी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी ही सरकारी संस्था गुन्हे तपासात वापरायची सॉफ्टवेअरही पारखते. तिथल्या जेम्स लाइल आणि मार्क वोझर यांनी खराब सेक्टर असलेल्या डिस्कच्या नकला काढून त्या ताडून पाहिल्या. त्यांचा लेख २००७ सालचा. लिनक्सवर डीडीने काढलेल्या नकलेत खराब सेक्टरांच्या लगतचे, एरवी व्यवस्थित वाचता येणारे सेक्टरही आले नव्हते. कारण साधे आहे. लिनक्स डिस्कवरचा मजकूर ४०९६ बाइटच्या पानांनी मेमरीत आणते, म्हणजे ८ सेक्टर एकदम. त्यातला एक अडला की उरलेले सात त्याच्यासोबत बुडतात. मेमरीचा मधला टप्पा टाळून थेट वाचले तर हे नुकसान टळते. याच संस्थेने २००४ मध्ये नक्कल काढणाऱ्या साधनांसाठी निकष लिहिले. त्यांत न वाचलेल्या जागी निरुपद्रवी भर घालावी असे आहे, आणि चूक कोणत्या प्रकारची होती व डिस्कवर नेमकी कुठे आली हे वापरणाऱ्याला कळवावे असेही आहे. आपल्याकडे भर घातली जाते. कळवणे राहून जाते.

दोन्ही करणारे साधन फुकट मिळते. अंतोनियो दियाज दियाज यांचे ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ २००४ पासून उपलब्ध आहे. त्याची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. अडलेल्या जागेशी ते झुंजत बसत नाही; तिला वळसा घालून पुढचा सोपा भाग आधी उचलते. मग उलट्या दिशेने येते, सोडलेल्या पट्ट्यांच्या कडा छाटते, आणि अगदी शेवटी उरलेल्या भागातला एकेक सेक्टर खरवडून बघते. हे सगळे चालू असताना एका साध्या मजकुराच्या फाइलीत नकाशा लिहिला जातो. प्रत्येक ओळीत सुरुवात, लांबी आणि एक चिन्ह. ‘+’ म्हणजे आले, ‘?’ म्हणजे अजून हात लावलेला नाही, ‘*’ म्हणजे कडा छाटायच्या आहेत, ‘/’ म्हणजे खरवडायचे आहे, आणि ‘-’ म्हणजे खराब. वीज गेली, केबल निसटली, तरी पुढच्या वेळी काम तिथूनच सुरू होते, कारण काय बाकी आहे हे लिहिलेले असते. तोच नकाशा हाताशी असला तर त्याच मजकुराच्या दुसऱ्या जुन्या प्रतीवरून फक्त राहिलेल्या फटी भरून काढता येतात. हस्तलिखितांच्या काळातही प्रामाणिक लेखनिक मूळ पोथीतले पान कसरीने खाल्लेले असेल तर तेवढी जागा कोरी सोडत असे. पदरचे शब्द घालून ओवी पुरी करणाऱ्यांनी मात्र पुढच्या संशोधकांना पिढ्यान्‌पिढ्या कामाला लावले.

सोपे आधी उचलण्याला आणखी एक कारण आहे. गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क निकामी होण्याची शक्यता, चूक न आढळलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पट होती. म्हणजे पहिली कुरकुर ऐकू आल्यावर डिस्कचा राहिलेला प्रत्येक तास मोलाचा असतो, आणि तो कशावर खर्च करायचा हा खरा निर्णय आहे. नेमका इथेच प्रघात उलटा आहे. आधी विंडोजची ‘चेकडिस्क’ किंवा लिनक्सची ‘एफएसचेक’ चालवून डिस्क ‘दुरुस्त’ करायची आणि मग कॉपी काढायची. ही साधने मरणाऱ्या डिस्कवर लिहितात, तिची पाने हलवतात, आणि जे वाचता आले असते त्यावरही पाणी फिरवू शकतात. दुरुस्ती करायचीच तर ती नकलेवर करावी. त्याहून बरे, नकलेच्या नकलेवर. (डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजूनही सांगणारे भेटतात. आत दव धरते, एवढे त्यांना सांगावे.)

नोंद ठेवण्याचा दुसरा लाभ निदानाचा. कॉपी अडली म्हणजे डिस्क मेलीच असे नाही. नक्कल एका मोठ्या फाइलीत काढत असाल आणि ती ४ जीबीपाशी थांबली, तर दोष बहुधा घेणाऱ्या पेन ड्राइव्हच्या फॅट-३२ फाइल सिस्टिमचा असतो. तिला त्याहून मोठी फाइल पेलत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ आकडेवारी राखते, तिच्यात १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर आधी केबल बदलावी. ५ आणि १९७ क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर मात्र सेक्टरच निकामी होताहेत. अडकून राहण्याचेही एक कारण आहे. घरगुती वापराची डिस्क एकाच खराब सेक्टरशी बराच वेळ झटापट करत बसते. लिनक्सचा कर्नल साधारणपणे ३० सेकंद वाट पाहतो आणि मग ती जोडणी नव्याने सुरू करतो. कधी कधी या ओढाताणीत डिस्क यादीतूनच नाहीशी होते आणि ‘डिस्क डेड आहे’ असा निकाल लागतो. कर्नलने ठेवलेल्या नोंदी वाचल्याशिवाय यातला फरक कळत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो दुकानदाराचा. गिऱ्हाइकाला लेकीच्या लग्नाचे फोटो हवेत, त्याला सेक्टरांचे आकडे देऊन काय उपयोग? आक्षेप रास्त आहे, पण उत्तरही त्याच साधनात आहे. नक्कल झाल्यावर डीडीरेस्क्यूला सांगता येते की खराब ठरलेल्या प्रत्येक जागी शून्यांऐवजी आपण ठरवलेला एखादा ठळक मजकूर लिही. मग नकलेतल्या सगळ्या फाइलींत तो मजकूर शोधायचा; ज्या फाइलींत सापडेल त्या बिघडलेल्या. आकड्यांची यादी अशी फाइलींच्या नावांची होते, आणि ती कोणालाही वाचता येते. कधी असेही निघते की सगळी खराब जागा मोकळ्या भागात होती आणि एकही फोटो गेलेला नाही. ही खात्रीही यादीमुळेच मिळते.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. आजारी डिस्कची नक्कल कधी कधी काही दिवस चालते हे खरे. पण तो वेळ मुख्यतः यंत्राचा असतो, माणसाचा थोडा, आणि नकाशाची फाइल बहुधा एखाद्या पत्राएवढी. मला अधिक वजनाचा वाटतो तो तिसरा आक्षेप: या आज्ञा घातक आहेत. कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली, लिनक्सने डिस्कना दिलेल्या नावांत ‘एसडीबी’च्या जागी ‘एसडीसी’ पडले, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते आणि कोणी विचारतही नाही. डीडीला ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हणतात ते उगाच नाही. डीडीरेस्क्यू निदान थेट डिस्कवर लिहिण्याआधी जबरदस्तीची वेगळी खूण मागते. शिवाय डिस्क अक्षरांवरून न ओळखता तिच्यावर छापलेल्या अनुक्रमांकावरून ओळखायची सवय लावता येते. लिनक्स तो क्रमांक यादीत दाखवते. नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्क जोडून यंत्र चालू करू नये, कारण दोघींची ओळखखूणही एकच झालेली असते. हे जमत नसेल त्याने स्वतः करू नये, हे मान्य. पण मग जो करतो त्याच्याकडून हिशेब मागण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

आता हार्ड डिस्क राहिल्या कुठे, सगळे क्लाउडवर आहे, असेही म्हटले जाईल. शून्ये भरलेला फोटो क्लाउडवर चढवला तर क्लाउड तो शून्यांसकट निष्ठेने जपतो. एसएसडीही बिघडतात, आणि अनेकदा कुरकुर न करता एकदम गप्प होतात. जुना साठा तर अजून कपाटांत आहे. मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची बरीच जुनी कामे पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. त्या फाइली आधीच उघडायला अवघड. त्यांत मधला तुकडा शून्यांचा निघाला तर दोष फॉन्टचा, सॉफ्टवेअरचा की नकलेचा, हे नकाशाशिवाय शोधणे जवळपास अशक्य.

कायद्यानेही या प्रश्नाला हात घातला आहे, पण अर्धाच. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. त्यात उमेदवारी अर्ज भरण्याच्या वेळेचे चित्रीकरण पुरावा म्हणून आले होते. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या नमुन्यात त्या प्रतीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडाही लिहावा लागतो. हे स्वागतार्हच आहे. पण हॅश सांगतो ते एवढेच की प्रत घेतल्यानंतर तिच्यात बदल झालेला नाही. प्रत घेताना काय निसटले हे तो सांगत नाही. दहा हजार सेक्टरांच्या जागी शून्ये असलेल्या नकलेचा हॅश स्वतःशी बिनचूक जुळतो. खराब डिस्क तर दोनदा वाचली तर दोन वेगळे हॅश देऊ शकते. म्हणून आरोपीच्या किंवा फिर्यादीच्या डिस्कवर चूक आली असेल, तर न वाचलेल्या सेक्टरांची यादी प्रमाणपत्राला जोडणे बंधनकारक असावे. त्या फटीत काय होते यावर बाजू मांडण्याचा हक्क दोन्ही पक्षांना आहे, आणि फट आहे हे माहीत असल्याशिवाय तो वापरता येत नाही.

हे काम अमर्याद चालवायचे नसते, आणि कधी थांबायचे हेही नकाशाच सांगतो. खराब पट्टे इकडेतिकडे विखुरलेले असतील तर पृष्ठभाग झिजला आहे; चिकाटीने आणखी काही हाती लागू शकते. ते डिस्कभर ठरावीक अंतराने, जवळपास सारख्या लांबीने येत असतील, तर वाचणाऱ्या हेडपैकी एक निकामी झाल्याचा संशय धरावा. अशा वेळी, किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल तर, कोणतीही आज्ञा चालवण्यात अर्थ नाही. उरलेला पृष्ठभागही ओरबाडला जातो. डिस्क बंद करावी आणि धूळमुक्त खोलीत हेड बदलून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावी. सोबत नकाशाची फाइल द्यावी, म्हणजे आधीच आलेल्या भागावर त्यांना नवे हेड झिजवावे लागणार नाही.