खाज गव्हाची की चिकनची?
इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटमध्ये कुत्रा सतत पंजे चाटू लागला, की आपण ‘ग्रेन-फ्री’ खाद्याची महागडी पिशवी आणतो. माझ्या मते हे पैसे वाया. 2016 च्या एका आढाव्यात अन्न न सोसणाऱ्या 297 कुत्र्यांपैकी 34 टक्क्यांना बीफ, 17 टक्क्यांना दुधाचे पदार्थ, 15 टक्क्यांना चिकन बाधलं. गहू 13 टक्क्यांना. आणि ग्रेन-फ्री पिशवीत बरेचदा चिकनच असतं! रक्ततपासणीवरही विसंबू नका. व्हेटच्या सल्ल्याने, पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन आठ आठवडे द्या, मग जुनं खाणं देऊन पाहा. खाज परतली तरच निदान पक्कं. तोवर पोळीचा तुकडासुद्धा नाही (आजी-आजोबा व्हिजिट व्हिसावर आलेले असतील तर हे सर्वांत अवघड). काहीच फरक पडला नाही, तर घरातल्या धुळीतल्या माइट्सवर संशय घ्या.