नकाशात आमची वस्ती कुठे आहे?

महाराष्ट्रातील मराठी शाळांत तिसरीच्या मुलांना स्वतःच्या जिल्ह्याचे पुस्तक द्यायचे, ही बालभारतीची जुनी आणि चांगली परंपरा आहे. साताऱ्याच्या मुलाला साताऱ्याचे, सांगलीच्या मुलाला सांगलीचे पुस्तक. त्यात दिशा असतात, नकाशाच्या खुणा असतात, तालुके आणि नद्या असतात. गुरुजी भिंतीवरच्या नकाशाकडे छडी दाखवून विचारतात, कृष्णा कुठे आहे? मूल बोट ठेवते. वारणा कुठे आहे? मूल बोट ठेवते. झाला सामाजिक शास्त्राचा तास! आता हे मूल आटपाडीचे असेल तर कृष्णा त्याने कधी पाहिलेली नसते. त्याच्या भागात कृष्णेचे पाणी टेंभू योजनेतून उपसून येते आणि त्या पाण्यासाठी त्याच्या आजोबांनी मोर्चे काढलेले असतात. पण छडी तिथपर्यंत पोहोचत नाही. जिल्ह्याचा नकाशा वर्गात आला, गावाचा मात्र गावाच्या वेशीबाहेरच राहिला. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

खरे तर गावाचा नकाशा शोधायला कुठे लांब जावे लागत नाही. प्रत्येक महसुली गावाचा नकाशा तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि भूमी अभिलेख कार्यालयात असतो. हल्ली तो शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर मोबाईलवरही दिसतो. हा नकाशा चौथीच्या मुलाला सहज वाचता येईल असा आहे. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. मुलांना टेप देऊन शिवारात न्या आणि सांगा, ही पाणंद कागदावर एवढी आहे, जमिनीवर किती उरली आहे ते मोजा. गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय एका सकाळी शिकून होतील, आणि गावातल्या काही प्रतिष्ठितांची झोपही उडेल.

वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे स्मशानाच्या वाटेची, विहिरीच्या वाटेची, वस्तीच्या रस्त्याची भांडणे घेऊन माणसे येतात. त्यांच्या पिशवीत सातबारा असतो, फेरफार असतो, आजोबांच्या वतनाचा जीर्ण कागदही असतो. गावाचा नकाशा मात्र शंभरातल्या एखाद्यानेच पाहिलेला असतो. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे, अडवलेली वाट त्यात मोकळी करून मागता येते. पण वाट होती हे दाखवायचे कशावरून? ज्याला नकाशा वाचता येतो, तो अर्धी लढाई तहसील कचेरीच्या पायरीवरच जिंकतो. हे वाचन आमच्या मुलांनी पन्नाशीत वकिलाकडून का शिकावे? नवव्या वर्षी गुरुजींकडून का शिकू नये?

बाबासाहेबांच्या बालपणाचा एक नकाशा तर सातारा-सांगलीच्या प्रत्येक वर्गात लागायला हवा. १९०१ सालची गोष्ट आहे. रामजीबाबा खटाव तालुक्यातील गोरेगावला खजिनदार होते. तिथे दुष्काळी कामावर तलाव बांधला जात होता. वडिलांनी सुट्टीत बोलावले म्हणून भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. पत्र वेळेवर न मिळाल्याने न्यायला कोणी आले नव्हते. गोरेगाव तिथून लांब होते. मुले महार आहेत हे कळताच गाडीवान बैलगाडी देईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून पायी चालणार. सोबत जेवण होते, पण प्यायला पाणी मिळेना. टोलनाक्यावर स्वतःला मुसलमान म्हणवून पाणी मागितले तरी मिळाले नाही. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे.

ही कथा आपण दरवर्षी भाषणात सांगतो, मुले टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. तिचा नकाशा काढायला लावा. सातारा कुठे, मसूरचे स्टेशन कुठे, गोरेगाव कुठे, मसूर ते गोरेगाव किती किलोमीटर, बैलगाडीला किती तास लागले असतील? वाटेत पाणी कुठे कुठे होते आणि ते कोणाच्या हातात होते? मसूरचे स्टेशन आजही पुणे-मिरज मार्गावर आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, त्या दिवसाला शासनाने २०१७ पासून विद्यार्थी दिवस केले आहे. त्या दिवशी पाहुण्यांच्या हारतुऱ्यांपेक्षा हा एक नकाशा प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लागला, तर आम्हाला जास्त आनंद होईल.

नकाशात नसणे म्हणजे काय, हे सांगली जिल्ह्याला कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळेत ते जेमतेम दीड दिवस टिकले. वस्तीपासून शाळा किती पावलांवर होती? ती पावले त्या पोराला का चालता आली नाहीत? हे दोन प्रश्न विचारले की वाटेगावचा नकाशा आपोआप बोलायला लागतो.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने गावांतील आणि शहरांतील वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे आली. निर्णय योग्यच होता, त्याचे स्वागत आम्हीही केले. पण पाटी बदलल्यावर नळ कुठपर्यंत आला? गटार कुठे संपते? दिव्याचा शेवटचा खांब कोणत्या घरासमोर आहे? हे नव्या नावावरून कळत नाही, नकाशा काढल्यावर कळते. मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये जून २०२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वागत कमानीचे बांधकाम ग्रामपंचायतीने पाडले. परवानगी होती की नव्हती यावर वाद पेटला आणि जुलैमध्ये तिथली आंबेडकरी कुटुंबे घरांना कुलपे लावून बायकामुलांसह मुंबईच्या वाटेला लागली. त्या लाँग मार्चमध्ये शाळकरी मुलेही होती. वेस म्हणजे काय, गावात प्रवेश कोणत्या बाजूने करायचा, कमान कोणाच्या नावाने उभी राहते, हे धडे त्या मुलांनी पुस्तकाविना गिरवले. त्याच आठवड्यात त्यांच्या वर्गमित्रांना परिसर अभ्यासात काय शिकवले गेले असेल?

यावर एक आक्षेप हमखास येतो. मुले लहान आहेत, त्यांच्या डोक्यात जात कशाला घालता? असे म्हणणाऱ्यांत भले शिक्षकही असतात, म्हणून उत्तर नीट दिले पाहिजे. जात मुलांच्या डोक्यात आम्ही घालत नाही. कोणत्या आळीत जाऊन पाणी प्यायचे नाही हे सात वर्षांच्या मुलाला पक्के ठाऊक असते, फक्त ते कागदावर नसते. तरीही एक पथ्य आम्ही स्वतःहून सांगतो. मुलांच्या नकाशात कोणत्याही घरावर जात लिहू नये, आडनावही लिहू नये. तसा नकाशा उद्या भलत्याच्या हाती पडला तर काय होते, हे दंगलींचा इतिहास जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. नकाशात वस्तू लिहाव्यात. नळ, हातपंप, अंगणवाडी, रेशन दुकान, खांब, गटार, स्मशान, बसथांबा. मग मुलांनी प्रत्येक आळीपासून नळापर्यंत पावले मोजावीत. एका आळीतून तीस पावले आणि दुसऱ्या आळीतून चारशे, असे निघाले तर ते का, हा प्रश्न मुलेच विचारतील. शिक्षकाने त्या वेळी विषय बदलू नये, एवढीच अपेक्षा आहे.

सांगली शहरात तर हे काम पुरामुळे जीवनमरणाचे झाले आहे. आयर्विन पूल १९२९ चा. तिथे कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ चा पूर झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरले. २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसे बुडाली. पाणी आधी कुठे येते हे सांगलीत पोरासोरांनाही माहीत आहे: सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर. पण पुलावर चाळीस फूट झाले की माझ्या शाळेच्या कितव्या पायरीला पाणी लागेल, हे किती शाळांतल्या मुलांना सांगता येईल? भिंतीवरच्या पुराच्या खुणा, घरातल्या थोरांच्या आठवणी आणि वॉर्डाचा नकाशा यांतून पाचवीचा वर्ग महिनाभरात पूररेषा काढू शकतो. मग पुढचा प्रश्न येतो. सखल जागेत घरे कोणाची आहेत आणि उंचावरच्या जागा कोणाला परवडल्या? पूर सर्वांना सारखा असतो असे म्हणणाऱ्यांनी हा नकाशा जरूर पाहावा.

आणि हा काही आमच्याच डोक्यातला खटाटोप नाही. अमेरिकेतील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरून कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा घरनिहाय रंगीत नकाशा तयार केला आणि १८९९ मध्ये तो ग्रंथात छापला. याच ड्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. त्याच देशात ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिल शहरालगत कोल रन नावाची वस्ती आहे. तिथल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय घरांना सुमारे पन्नास वर्षे नळाचे पाणी मिळाले नाही, आजूबाजूच्या गोऱ्यांच्या घरांना मात्र मिळत गेले. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा कोणाच्या घरापर्यंत जलवाहिनी जाते आणि कुठे थांबते, हे नकाशावर मांडून दाखवण्यात आले. २००८ मध्ये ज्युरीने रहिवाशांना सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. आमच्या तरुण वकील मित्रांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी करायची आणि घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची. जुन्या गाव नकाशात शेताचा गट न् गट मोजलेला, पण लहान गावांचे गावठाण बहुधा पांढरा ठिपका असायचे. तो आता भरला जातो आहे. ड्रोन येण्याआधी घरांच्या हद्दी चुन्याने आखतात. ज्याचा चुना पडला त्याची हद्द ठरली! आणि जी वस्ती गावठाणाच्या रेषेबाहेर, गायरानावर पिढ्यान् पिढ्या बसली आहे, तिचे काय? योजना गावठाणापुरती आहे. ज्या गावच्या मुलांनी स्वतः गावाचा नकाशा काढला असेल, त्या गावात ही रेषा कुठून गेली हे निदान कोणीतरी पाहिलेले असेल.

मुळात रेषा आभाळातून पडत नाहीत, हेही मुलांना कळायला हवे. सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून जन्मला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधी याच मुलुखात सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती, आटपाडी औंध संस्थानात होती. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना अस्मिता आठवली. लोकांची मूळ मागणी पाण्याची होती. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तिथल्या मुलाने म्हैसाळ योजनेचा कालवा आणि राज्याची सीमा एकाच कागदावर काढली, तर त्याला हा वाद अनेक वृत्तवाहिन्यांपेक्षा अधिक कळेल.

शिक्षकांवर आधीच माहिती भरण्याचा डोंगर आहे, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून भार पालकांनी उचलावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणात जागा द्यावी लागते. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळा विकास आराखडा करते. मुलांनी काढलेला नकाशा या आराखड्याला जोडता येतो. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत सांगितली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे ठरवले, तेव्हापासून हे किलोमीटर फार महत्त्वाचे झाले आहेत. ते कोणत्या वाटेने मोजायचे? पावसाळ्यात ओढा भरल्यावर मूल ज्या वाटेने येते, त्या वाटेने की कचेरीतल्या पट्टीने?

येत्या बैठकीत आपल्या पालकांनी दोन ठराव मांडावेत. एक, गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून आणून तिसरी ते पाचवीच्या वर्गात लावावी. दोन, मुलांनी मोजून काढलेला वस्तीचा नकाशा शाळा विकास आराखड्यासोबत ग्रामपंचायतीला पाठवावा आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मुलांनीच वाचून दाखवावा. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घ्यायला विसरू नये.