काँक्रीटच्या इमारती : दोष साधेपणाचा कीं चोरीचा?

ज्या मुलखांत पैसा थोडा व माणसें फार, त्या मुलखांतील शहरें एकमेकांसारखीं कां दिसतात? कैरो, ढाका किंवा आमची भिवंडी, कोठेंहि जा. करड्या, चौकोनी, बिननक्षीच्या काँक्रीटच्या इमारतींच्या रांगा दृष्टीस पडतात, आणि त्या पाहून सुशिक्षित मनुष्य नाक मुरडून म्हणतो कीं, या लोकांना सौंदर्याची चाडच नाहीं. आमच्या मतें हा अभिप्राय जितका सोपा तितकाच चुकीचा आहे. या इमारतींच्या मुळाशीं अरसिकता नसून हिशेब आहे. आणि तो हिशेब समजून घेतल्यावांचून त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार कोणास पोंचत नाहीं.

प्रथम सामानाचा विचार करूं. इमारती लांकूड महाग झालें. पोलादी सांगाड्यास मोठे कारखाने व तरबेज कारागीर लागतात. उलट काँक्रीटची खडी, वाळू व पाणी बहुधा जवळपास मिळतें. बाहेरून आणावयाचें तें सिमेंट व सळया. पैकीं सिमेंट १९१४ सालीं पोरबंदरचा कारखाना चालू झाल्यापासून या देशांतच होऊं लागलें. जेथें मजुरी स्वस्त तेथें घमेलीं वाहण्यास यंत्र लागत नाहीं. एका मजल्यासाठीं केलेला फळ्यांचा सांचा वरच्या मजल्यासहि उपयोगी पडतो. वळण किंवा नक्षी घातली कीं सांचा बदलला, आणि सांचा बदलला कीं पैसा गेला! जमीन महाग म्हणून मजले चढवावे, तर फार उंचावर लिफ्ट लागते. म्हणून चार-पांच मजल्यांवर थांबावयाचें. ज्याच्याजवळ आज एका मजल्यापुरतेच पैसे आहेत, तो मुलाच्या संसाराकडे दृष्टि ठेवून गच्चीवर सळया उघड्या सोडतो. नळ व संडास आधीं करतो, बाहेरचा गिलावा व रंग मागाहून. यांत हंसण्यासारखें काय आहे?

सरकारेंहि हाच हिशेब करीत आलीं आहेत. मुंबई सरकारनें १९२० सालीं विकास खातें स्थापिलें, शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसविला, आणि नायगांव, वरळी, शिवडी व डिलाईल रोड येथें काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षांत झाल्या १६,००० हून थोड्या अधिक. खोली सुमारें १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. कित्येक खोल्या प्रथम रिकाम्याच राहिल्या. लोकांचा राग भिंतीवर नक्षी नव्हती म्हणून नव्हता. भाडें परवडेल काय, आंत हवा-उजेड येईल काय, हें रहिवाशांस कोणीं विचारलें नाहीं, म्हणून होता. तरीहि याच बिननक्षीच्या चाळींनीं पुढें कामकरी वर्गाच्या कित्येक पिढ्यांस आसरा दिला. सोव्हिएट सरकारनेंहि १९५५ सालीं बांधकामांतील अनावश्यक अलंकारांविरुद्ध हुकूम काढला, आणि एकाच सांच्याच्या पांचमजली इमारतींत कोट्यवधि माणसें नेलीं.

सारांश, साधेपणा हा गुन्हा नव्हे. गुन्हा निराळा आहे. दगडी भिंत वांकडी झाली तर ती रस्त्यावरून दिसते. काँक्रीटमधील चोरी मात्र काँक्रीटच्याच पोटांत गाडली जाते. मिश्रण सहज पसरावें म्हणून पाणी अधिक ओतलें, खाडीची वाळू न धुतां वापरली, सात दिवस भिजवावयाचें तें दोन दिवसांत उरकलें, खांबाच्या सळईवर ४० मिलिमीटर काँक्रीट पाहिजे तेथें १५ च ठेविलें, तर ताबा देतांना कांहींच दिसत नाहीं. पुढें सळई गंजते, गंज फुगतो आणि खांब तडकतो. आराखड्याची चूकहि अशीच लपते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपांत केंद्रापासून २०० किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेंत, मोटारींसाठीं तळमजला मोकळा सोडलेल्या कित्येक इमारती बसल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजीं महाड येथें पांचमजली इमारत कोसळून १६ जीव गेले. तीहि कांहीं जुनीपुराणी वास्तु नव्हती.

कायदा काय म्हणतो? स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याचें कलम १४ सांगतें कीं, ताबा दिल्यापासून पांच वर्षांत बांधकामाचा दोष नजरेस आणल्यास बांधणारानें तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा. हें ठीकच आहे. परंतु गंज पंचांग पाहून येत नाहीं. पांच वर्षे लोटल्यावर फुटणाऱ्या खांबाची जबाबदारी मग कोणाची? ज्यानें आयुष्याची कमाई त्या घरांत घातली त्याची! सबब आमची मागणी अशी कीं, ही मुदत निदान दहा वर्षांची व्हावी. स्लॅब ओतण्यापूर्वीं बांधणाराच्या पगारावर नसलेल्या इंजिनियरानें सळया मोजाव्या. आणि २८ दिवसांच्या ठोकळ्यांच्या परीक्षेचा दाखला खरेदीखतासोबत प्रत्येक ग्राहकास मिळावा.

आमचे व्यापारी वाचक धान्याच्या पोत्यास बंबी लावून पारख केल्यावांचून सौदा करीत नाहींत. तेच लोक घर घेतांना फरशीचा रंग व नळाची चकाकी पाहून सही करतात, हें आश्चर्य नव्हे काय? कायदा बदलेल तेव्हां बदलेल. तोंवर सही करण्यापूर्वीं तो दाखला मागण्यास कोणाचीहि आडकाठी नाहीं.